नवतप्यात घरापाशी बसून

मे महिना सरत आला की सूर्य रोहिणी नक्षत्रात जातो आणि आपल्याकडे नवतपा लागतो. २५ मेच्या पुढचे नऊ दिवस. या दिवसांत वऱ्हाडातला माणूस दुपारी शक्यतो काही करत नाही, आणि ते शहाणपणच आहे. पण जुन्या घराचं काम काढायचं मनात असेल, कोणीतरी ते नवे, पोटात कडक फेस भरलेले पफ पॅनेल लावून घ्या म्हणून मागे लागलं असेल, तर नवतप्यातली एक दुपार आणि तिच्या पाठची रात्र त्या घरासाठी राखून ठेवा. मिस्त्रीला बोलावू नका. पॅनेलवाल्याचं माहितीपत्रक कपाटात ठेवा. घरचे लग्नाला गेलेले असतील तर उत्तमच.

घर कोणतंही चालेल. अमरावतीत परकोटाच्या आत, जवाहर गेटकडून बुधवाऱ्याकडे जाताना लागतं तसं जाड भिंतींचं, माती-लाकडाचं घर. अकोल्यात मोर्णेकाठच्या जुन्या शहरातलं कवेलूचं. नाहीतर १९८० च्या सुमाराला हौसेनं बांधलेलं, नऊ इंची विटेच्या भिंतींचं, वर सपाट स्लॅब असलेलं. राजापेठेत, रामदासपेठेत अशी किती आहेत. आणि टिनाखालचं घर असेल तर तुमच्याइतका या विषयाचा जाणकार दुसरा कोणी नाही.

दुपारचे दोन वाजलेत. मधल्या खोलीत, खोलीच्या मधोमध बसा. कूलर बंद करा. पंखाही बंद करा. पाण्याचा तांब्या जवळ असू द्या. हे तप नाही, नुसतं लक्ष देणं आहे. जीव घाबरा व्हायला लागला तर उठा, उगाच हट्ट नको.

पहिल्या पाच मिनिटांत फक्त वैताग येईल. तो येऊ द्या. कानात कूलरचा आवाज बराच वेळ घुमत राहील, मग तोही विरेल. आता डोळे मिटा आणि एवढंच बघा, की ऊब पहिल्यांदा अंगाला कुठं लागते. कपाळाला? पाठीला? पायाच्या तळव्यांना? घाई करू नका. स्लॅबच्या घरात बसला असाल तर थोड्या वेळात कळेल की ती टाळूवर आणि खांद्यांवर उतरते आहे. हवा तितकी गरम नाही, पण वरून काहीतरी सतत येतं आहे. हात डोक्यावर उचला, तळवा छताकडे करा. धरून ठेवा. आता तोच तळवा जमिनीकडे करा. फरक कळला?

हा फरक नवतप्यात इतका ठळक का, त्याचं कारण घरात नाही, आकाशात आहे. अकोला साधारण २०.७ अक्षांशावर, अमरावती २०.९ वर. मेच्या चौथ्या आठवड्यात भरमध्यान्ही सूर्य या दोन्ही शहरांच्या बरोबर माथ्यावर येतो. उभ्या काठीची सावली तिच्या बुडाशी गोळा होते. म्हणजे ज्या दिवसांत ऊन सर्वांत कडक, त्याच दिवसांत ते सगळं छतावर पडतं. दक्षिणेची भिंत, जिला आपण उगाच दोष देतो, तिला मे महिन्यातल्या दुपारी जवळजवळ ऊनच लागत नाही. तिच्यावर ऊन येतं ते डिसेंबरात, आणि तेव्हा ते हवंहवंसं असतं. पूर्वेच्या भिंतीला सकाळी, पश्चिमेच्या भिंतीला तिसऱ्या प्रहरानंतर. मधले सगळे तास छताचे.

यावर जरा वेळ थांबा. चारही भिंतींना आतून पॅनेल ठोकून घ्यायचा जो अंदाजखर्च कपाटात ठेवला आहे, त्यातली एक भिंत तर आत्ताच बाद झाली.

आता थोडं गणित करू. डोळे मिटूनही करता येईल इतकं सोपं आहे. बाहेर ४५ अंश असताना काळवंडलेल्या गच्चीचा पृष्ठभाग ६५ पर्यंत जाऊ शकतो. खोलीत ३५ धरा. फरक ३० अंशांचा. साध्या स्लॅबमधून एका चौरस मीटरला, एका अंशाच्या फरकाला सुमारे ३ वॅट उष्णता आत येते. तीस त्रिक नव्वद. दहा बाय बाराची खोली म्हणजे अकराहून थोडे जास्त चौरस मीटर. एकूण हजार वॅट. एक टनाच्या एसीची उष्णता उपसायची ताकद साडेतीन हजार वॅटची. तिच्यातला जवळजवळ तिसरा हिस्सा नुसतं छत खातं, माणसं अजून खोलीत आलेलीच नाहीत.

केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्युरोनं २०१८ च्या डिसेंबरात घरांसाठी 'इको निवास संहिता' काढली. तिच्यात छतासाठी तो तीन वॅटचा आकडा जास्तीत जास्त १.२ असावा असं म्हटलं आहे. तुमच्या जुन्या घराला ती बंधनकारक नाही. मोठ्या भूखंडावरच्या नव्या बांधकामासाठी ती आहे. पण तीनाला एक पूर्णांक दोन हे प्रमाण लक्षात ठेवा, म्हणजे आपण डोक्यावर काय घेऊन बसलो आहोत ते कळतं. स्लॅबवर दोन इंच चांगला पफ टाकला तर हाच आकडा अर्ध्या वॅटच्याही खाली येतो. हजार वॅटचे दीडशेच्या आत. पॅनेलवाला खोटं बोलत नाही. तो फक्त तुमच्या घरात बसलेला नाही.

उठा आता. भिंतीपाशी जा. स्लॅबच्या घरात असाल तर शेजारच्या एखाद्या मातीच्या घरात जाऊन या. वऱ्हाडात अजून ती आहेत, दर वर्षी कमी होताहेत एवढंच. दीड फूट रुंद मातीच्या भिंतीवर तळवा टेकवा. गार लागेल. बाहेरच्या अंगाला हीच भिंत पोळते आहे. मधल्या मातीत काय चाललं असेल?

तिथं ऊन चालतं आहे, आणि फार हळू चालतं आहे. दीड फूट मातीतून दुपारची तिरीप आत पोचायला बारा तासांहून जास्त लागतात. म्हणजे आजच्या दोनची उष्णता पहाटे दोन-तीनला आतल्या गिलाव्याशी येणार, तीही नावापुरती. बहुतेक वाटेतच जिरलेली. तोवर बाहेर हवा उतरलेली असते, खिडक्या उघडलेल्या असतात, आणि घरातले गच्चीवर झोपलेले असतात. चार इंची स्लॅबमधून हाच प्रवास तीनेक तासांचा. दुपारी एकचं ऊन चारला डोक्यावर, चारचं सातला. घरी येऊन बसावं आणि जेवणाच्या वेळी छत ओकायला लागावं, हा आपला रोजचा अनुभव याच हिशेबाचा आहे.

मातीच्या घराचं वरचं अंगही तसंच होतं. सागाच्या नाहीतर बाभळीच्या लाकडांवर फळ्या किंवा काड्या, त्यावर हातभर पांढरी माती. पडक्या गढ्यांची माती लोक गाड्या भरभरून आणत, कारण ती पावसाला दाद देत नाही. काळ्या रानाची माती अशा छतावर, धाब्यावर, कोणी टाकत नसे. तिला भेगा पडतात हे सगळ्यांना ठाऊक होतं. आणि ज्यांना दीड फुटी भिंत परवडत नव्हती त्यांची कुडाची भिंत होती. पऱ्हाट्यांचा कूड, दोन्ही अंगांनी शेणमातीचा लेप. मध्ये हलकं, पोकळ, हवा धरून ठेवणारं काहीतरी आणि दोन्ही बाजूंनी पातळ टणक कातडी. हे वर्णन पुन्हा एकदा मनात म्हणून बघा. आज कारखान्यातून येणाऱ्या पॅनेलचं वर्णन याहून वेगळं नाही. १९३५ साली अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसन इथल्या सरकारी लाकूड प्रयोगशाळेनं अशा थरांच्या भिंतींचं पहिलं घर बांधून पाहिलं. पोटात फोम भरायची कल्पना पुढं १९५० च्या दशकात रुळली. आपला कूड पेटंट घ्यायला कुठं गेला नाही, आणि त्याच्यात उधई होत होती, विंचू होत होते, हेही खरं. जुन्याचं कौतुक करताना विंचू विसरू नयेत.

पऱ्हाटीची गोष्ट निघालीच आहे तर तिच्यापाशी आणखी थोडं थांबू. कापूस वेचून झाला की हेक्टरी दोन-तीन टन पऱ्हाट्या उरतात. काही चुलीत जातात, बऱ्याचशा बांधावर पेटवल्या जातात. १९२४ साली मुंबईत माटुंग्याला निघालेल्या कापूस प्रयोगशाळेनं, म्हणजे आजच्या 'सिरकॉट'नं, याच पऱ्हाट्यांच्या भुश्याचे दाबलेले बोर्ड करून दाखवले. नागपूरच्या केंद्रातही ते काम झालं. ते फोमइतके उष्णता अडवत नाहीत. पण साध्या सिमेंट शीटपेक्षा कितीतरी बरे. यवतमाळ-अकोला-अमरावतीच्या शिवारात जे जळतं त्यातून टिनाच्या घरांना खालून लावायचं छत होऊ शकतं, आणि तरी गावच्या हार्डवेअरच्या दुकानात ते मिळत नाही. कापूस इथला, धूर इथला, आणि बोर्ड बाहेरून. यावर जितकं मनन करावं तितका घसा कोरडा पडतो. पाणी प्या.

आता पॅनेल हातात घ्या. खरं नसलं तरी मनात घ्या. दोन बाजूंना अर्धा मिलिमीटर रंगीत पत्रा, मध्ये पिवळसर कडक फेस. उचलून बघा, हलकं आहे. दोन इंची पॅनेल चौरस मीटरला दहा-बारा किलो; चार इंची स्लॅब अडीचशे किलोच्या जवळ. हा हलकेपणा आपल्या भागात फार मोलाचा आहे. आपली काळी जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हातभर भेगाळते, आणि तिच्यावरची जुनी घरं तिच्याबरोबर वर-खाली होतात. जुन्या पायावर मुलासाठी एक खोली वाढवायची झाली तर तिथं स्लॅबचं ओझं घालण्यापेक्षा अँगलच्या सांगाड्यावर पॅनेलची खोली घालणं शहाणपणाचं. इथं मी पॅनेलच्या बाजूनं आहे, काही किंतु न ठेवता.

त्या फेसात काय आहे? बंद पेशींमध्ये कोंडलेला वायू. बस एवढंच. दोन इंच पफ उष्णता अडवण्यात पाच फुटांहून जाड विटेच्या भिंतीच्या तोडीचा. साधा थर्माकोल घेतला तर साडेतीन फुटांच्या. पण विटेची किंवा मातीची भिंत आणखी एक काम करते जे फेस करत नाही. ती उष्णता पोटात ठेवून घेते. फेस काही ठेवत नाही, नुसता अडवतो. बर्फवाला बर्फाची लादी भुश्यात आणि गोणपाटात गुंडाळून ठेवतो. भुसा बर्फाला गार करत नाही, त्याचं वितळणं लांबवतो. आता त्याच भुश्यात कोणी तापलेली वीट गुंडाळली तर? तीही तितकाच वेळ गरम राहील.

हे वाक्य मनात नीट मुरू द्या, कारण माहितीपत्रकात ते नसतं. पॅनेल थंड नसतं. ते गरमही नसतं. ज्या बाजूला जे असेल ते तिकडेच ठेवायचं काम ते करतं. थंड देशांत हे शोधलं गेलं ते आतली ऊब आत ठेवण्यासाठी, आणि तिथं ते अगदी चपखल बसतं, कारण महिनोन् महिने बाहेर गारठा आणि आत शेकोटी असते. आपल्याकडे दुपारी बाहेर आग आणि पहाटे बाहेर आतल्यापेक्षा बरं. दिवसातून दोनदा पारडं फिरतं. घर दिवसा बंद हवं आणि रात्री उघडं हवं. बसलेला माणूस शंभरेक वॅट उष्णता टाकतो, फ्रिज टाकतो, गॅस टाकतो. पॅनेलनं बांधून बंद केलेल्या खोलीत चार माणसं रात्रभर झोपली तर सकाळी ती खोली बाहेरच्यापेक्षा गरम निघेल. मग लोक म्हणतात, पॅनेल फसवं निघालं. पॅनेलनं आपलं काम केलं. खिडकीनं केलं नाही.

तेव्हा, तिसरा प्रहर उलटल्यावर, खिडक्यांपाशी जा. एकेक खिडकी उघडून बघा, किती अडकलेल्या आहेत. मागच्या भिंतीतली, वरची छोटी खिडकी कोणत्या वर्षी बुजवली? बहुतेक कूलर आला त्या वर्षी, नाहीतर शेजाऱ्यानं भिंत उंच केली त्या वर्षी.

आणि कूलरचा प्रश्न इथंच सोडवावा लागतो. वऱ्हाड कूलरवर जगतो. कूलर बाहेरची कोरडी हवा ओल्या ताट्यांतून ओढून आत ढकलतो. ती ओलसर हवा दुसरीकडून बाहेर गेली तरच खोली गार होते, नाहीतर तासाभरात चिकचिक सुरू. म्हणजे कूलरच्या घराला भोक हवं. एसीच्या घराला भोक नको. पॅनेल विकणारा मनात एसीचं घर धरून बोलतो: "भाऊ, एकदा लावून तं पाहा, कूलर बी लागत नाई." तुमचं घर कोणत्या जातीचं राहणार ते तुम्ही ठरवायचं. एसी घेणार असाल तर फटी बुजवा, दारं घट्ट करा, पॅनेल चहूबाजूंनी शोभेल. कूलरवरच राहणार असाल तर डोक्यावरचं छत अडवा आणि समोरासमोरच्या खिडक्या मोकळ्या ठेवा. दोन्हीच्या मधलं अर्धवट घर सर्वांत वाईट. कूलर दिवसाला शंभरेक लिटर पाणी सहज पितो, हेही जमेस धरा. काटेपूर्णेचं पाणी अकोल्याच्या नळाला रोज येत नाही. ज्या घराचं छत कमी तापतं तिथं कूलर उशिरा लागतो आणि लवकर बंद होतो, तेवढं पाणी टाकीत राहतं.

अजून एक गोष्ट हातानं बघण्यासारखी आहे. भिंतीच्या बुडाशी वाका. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात घर असेल तर कमरेपर्यंत लोणा दिसेल. पांढरी भुकटी, फुगून सुटलेला गिलावा. बोटानं चोळा. ही भिंत जमिनीतलं खारं पाणी वर ओढते आणि हवेत सोडते. तिच्यावर आतून पत्र्याचं पॅनेल ठोकलं की पहिले सहा महिने खोली झकास दिसेल. मागं काय चाललं आहे ते दिसणार नाही: ओल कोंडेल, लोणा आणखी वर चढेल, उधई निवांत होईल. मातीच्या किंवा चुन्याच्या जुन्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करण्याची जी चूक घरोघर झाली, तिचीच ही महागडी आवृत्ती. अशा भिंतीला चुन्याचा गिलावा द्या, पश्चिमेच्या अंगाला सावली द्या, एखादा वेल, तट्ट्या, पुढं काढलेला पत्रा, काहीही; पण तिला श्वास घेऊ द्या. पॅनेल तिच्यासाठी नाही.

आगीचाही विचार याच वेळी करावा, संध्याकाळची दिवाबत्ती होते तेव्हा. थर्माकोल आणि पफ दोन्ही जळतात, आणि त्यांचा धूर ज्वाळेपेक्षा आधी मारतो. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला २०१७ च्या जूनमध्ये लागलेली आग बाहेरून लावलेल्या ज्वलनशील पॅनेलांवरून वर चढली. ७२ माणसं गेली. आपलं घर चोवीस मजल्यांचं नाही. पण जुन्या घरातली वायर जुनी असते, आणि छताखालच्या फेसातून कोणी इलेक्ट्रिशियन पंख्याची वायर उघडी नेली तर मजले मोजायला वेळ मिळत नाही. स्वयंपाकघराच्या वर तरी फेस नको. तिथं रॉकवूल घ्या. ते जळत नाही. रॉकवूल म्हणजे बेसॉल्टसारखा दगड दीड हजार अंशांच्या आसपास वितळवून त्याचे काढलेले तंतू. म्हणजे जो काळा दगड तुमच्या घराच्या जोत्याला आहे, सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा होऊन जो या सगळ्या मुलखावर पसरला, तोच एकदा पुन्हा वितळून डोक्यावर येतो, या खेपेला उष्णता अडवायला. मला ही कल्पना फार आवडते. तुम्हाला नाही आवडली तरी स्वयंपाकघरावर रॉकवूलच घाला.

जेवण करून गच्चीवर जा. अनवाणी. दहा वाजले तरी गच्ची तळव्यांना भाजते का ते बघा. पाणी शिंपडलं की वाफ निघते, वास येतो, पाच मिनिटं बरं वाटतं, मग खालून पुन्हा ऊब. अंथरूण टाका आणि पाठीखालच्या स्लॅबचा विचार करा. तो दिवसा ताणला गेला होता. दहा मीटर लांबीचं काँक्रीट तीस अंशांनी तापलं की सुमारे साडेतीन मिलिमीटर वाढतं, आणि रात्री तेवढंच आखडतं. रोज. चाळीस उन्हाळे. स्लॅब आणि भिंत जिथं मिळतात तिथली ती आडवी चीर, जिच्यात तुम्ही दर मृगाआधी डांबर भरता, ती याच ओढाताणीची.

म्हणून छताचं पॅनेल किंवा फोमचा थर खालून लावायचा की वरून, हा प्रश्न नुसत्या सोयीचा नाही. खालून लावला तर खोलीला आराम मिळतो, पण स्लॅब वर एकटा तापत राहतो, उलट खालून कोंडल्यामुळे थोडा जास्तच. चिरा वाढतात आणि पावसाचं पाणी पॅनेलच्या मागं कुठं साचलं ते डाग पडेपर्यंत कळत नाही. वरून लावला, म्हणजे आधी पाणी अडवणारा थर, मग कडक फोमचे तक्ते, मग पातळ कोबा आणि पांढऱ्या चिनी मातीच्या फरशांचे तुकडे, तर स्लॅब सावलीत राहतो आणि तोही घरातल्या थंडाव्यात सामील होतो. खर्च जास्त. काम किचकट. आणि गच्चीवर पापड-कुरडया वाळवायच्या, मुलांनी नाचायचं, तर फोम दाबाला टिकणारा हवा. स्वस्तातला मऊ थर्माकोल दोन वर्षांत बसतो. हे सगळं कबूल करूनही माझं मत वरूनच लावण्याचं आहे.

टिनाच्या घराचा निवाडा याहून सोपा. तिथं जुना पत्रा काढून त्याच कैच्यांवर, नीट जखडून, पन्हाळीचं पॅनेल घालता येतं. पत्र्याच्या जागी पत्राच येतो, फक्त पोटात दोन इंच फेस असलेला. दुपार सोसण्यासारखी होते, पावसाचा ताशाही थांबतो. पॅनेलचा पैसा जिथं पुरेपूर वसूल होतो अशी जागा वऱ्हाडात कुठं असेल तर ती टिनाखाली, आणि नेमका तिथंच पैसा नसतो. सरकारच्या घरकुलाच्या योजनांनी याचा विचार करायला हवा होता. इंदूरला २०२१ साली पायाभरणी झालेल्या सरकारी 'लाइट हाऊस' प्रकल्पात सँडविच पॅनेलच्या भिंती वापरून १,०२४ घरं बांधली. म्हणजे हे तंत्र सरकारला ठाऊक आहे. इंदूर आपल्याला काही फार लांब नाही.

आणि काहीच परवडत नसेल तर? तर चुना. गच्ची धुऊन दोन हात पांढरा, डिंक घातलेला चुना. काळवंडलेलं काँक्रीट उन्हाचा मोठा भाग पिऊन टाकतं. ताजा चुना बहुतेक ऊन परतवतो. आपल्याकडची काळ्या मातीची धूळ वर्षभरात त्याला मळवते, म्हणून दर गुढीपाडव्याच्या आधी हात फिरवावा लागतो. पॅनेल लावणाऱ्यानंही आधी एक उन्हाळा चुना मारून काढावा असं माझं म्हणणं आहे. काही घरांचा प्रश्न तिथंच मिटतो.

आता झोपा. पहाटे चारला मात्र उठा आणि खाली त्याच मधल्या खोलीत जाऊन त्याच जागी बसा. मे महिन्यात इथली पहाट सत्तावीस-अठ्ठावीसवर येते. बाहेर अंगणात उभं राहा, मग आत या. आत पाऊल टाकताना अंगाला जो फरक लागतो, तो घरानं अजून न सोडलेला कालचा दिवस आहे. कोणत्या खोलीत तो सर्वांत जास्त? कोणत्या खिडकीसमोर तो नाही? पुन्हा हात छताकडे करा, मग भिंतीला लावा. या वेळी भिंत कदाचित उबदार लागेल. ती काल दुपारी तुम्ही गार म्हणून जिचं कौतुक केलं तीच. तिच्यासाठी खिडकी उघडी ठेवायची आहे. तिला पॅनेलमागं डांबायचं नाही.

एक साधा तापमापक आणा आणि नवतप्याच्या उरलेल्या दिवसांत दुपारी दोन, रात्री नऊ आणि पहाटे चार, या तीन वेळांना प्रत्येक खोलीतलं तापमान वहीत लिहा. कॅलेंडरच्या मागं लिहिलं तरी चालेल. मग ती वही पुढं ठेवून पॅनेलवाल्याशी बोला. छतापासून सुरुवात करा, आणि ज्या भिंतीचा आकडा वहीत वाईट नाही तिच्यासाठी एक रुपयाही देऊ नका. काम मात्र दिवाळीनंतर काढा. मे महिन्यात उघडलेलं छत मृगाच्या आधी झाकून होत नाही.